बिनशेअरचे सभासद



गव्हाणीत मोळी पडली, धुराडे पेटले आणि गळीत हंगाम सुरू झाला. आता चार-पाच महिने आपल्या तोंडी दुसरा विषय नाही. तोड कधी येणार, टोळी किती दिवस थांबणार, उतारा किती पडणार आणि पहिला हप्ता कधी जमा होणार! हे विषय पोटाचे आहेत. पत्रिकेचे पहिले पान त्यांनाच मिळाले पाहिजे. तरीसुद्धा संपादकांकडे मी आज आग्रहाने थोडी जागा मागून घेतली आहे, ती एका वेगळ्या हिशोबासाठी. आपल्या फडात पिढ्यान्‌पिढ्या राबणारे काही सभासद असे आहेत की त्यांनी शेअरची रक्कम भरलेली नाही, त्यांचे नाव यादीत नाही, ते सभेला येत नाहीत आणि बिलातली कपातही मागत नाहीत. ते सभासद म्हणजे आपल्या शिवारातली पाखरे होत.

योगायोग असा, की आपला हंगाम उभा राहतो त्याच दिवसांत, ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. शासनाने तो २०२० साली सुरू केला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. चितमपल्लींनी उभी नोकरी वनखात्यात केली आणि रानातली पाखरे मराठी वाचकांच्या घरात आणून सोडली. २०२५ साली ते गेले. सप्ताहात शाळेतली मुले चित्रे काढतात, तळ्यावर सहली जातात, दुर्बिणी लागतात. हे सगळे चांगलेच आहे. पण शेतकऱ्याला त्यात फारसे कोणी बोलावत नाही, आणि शेतकरीही म्हणतो, "पाखरं बघायला आम्हाला कुठं येळ हाय?"

माझे म्हणणे असे, की पाखरांचे भवितव्य दुर्बिणवाल्यांच्या हाती थोडे आणि आपल्या हाती जास्त आहे. येलदरी, सिद्धेश्वर, ईसापूर या धरणांच्या पाण्यावर हिवाळ्यात दूरदेशीची बदके उतरतात, त्यांची काळजी वनखाते आणि पक्षीमित्र घेतील. पण साळुंकी, कोतवाल, बगळा, पिंगळा, घुबड, भारद्वाज आणि सुगरण ही मंडळी अभयारण्यात राहत नाहीत. ती तुमच्या-माझ्या बांधावर राहतात. ती जगणार की जाणार, हे आपण नांगर कधी धरतो, काडी कुठे लावतो आणि कुऱ्हाड कशावर चालवतो यावर ठरते. आणि ती गेली तर नुकसान कवींचे कमी, आपले जास्त आहे. ते कसे, हेच सांगायचे आहे.

हुमणी कोण वेचते?

आपल्या भागात उसाला सध्या सर्वांत मोठा चोर कोण, असे विचारले तर दहा जणांतले आठ जण हुमणी म्हणतील. तिची रीत आपणाला ठाऊक आहे. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस पडला की तिन्हीसांजेला जमिनीतून भुंगेरे निघतात, कडुनिंबावर-बाभळीवर बसून पाला खातात आणि पहाटे पुन्हा मातीत शिरतात. मादी मातीतच अंडी घालते. त्यातून निघालेली पांढरी वाकडी अळी पावसाळाभर मुळ्या खाते. दिवाळीच्या सुमारास ऊस पिवळा पडलेला दिसतो, ओढला तर मुळासकट हातात येतो. तोवर वेळ गेलेली असते.

आता आठवा, बैलाच्या नांगराच्या काळात तासामागे काय चालायचे. नांगराच्या मागे पाच-पन्नास बगळे, साळुंक्या, कावळे आणि कोतवाल! फाळाने माती उलटली की उघडी पडलेली अळी जमिनीत परत शिरायच्या आत चोचीत गेलेली असायची. म्हातारी माणसे बगळ्याला हाकलू देत नसत. आमचे थोरले चुलते म्हणायचे, "ते आपलं सालगडी हायेत, त्यांची हजेरी मांडू नको, पर हाकलू बी नको."

आज काय होते? ट्रॅक्टरला मागणी फार. भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या नंबराला रात्री अकराला येतो, दिव्याच्या उजेडात दोन एकर उलथून पहाटे दुसऱ्याच्या रानात जातो. अळ्या वर येतात, पण त्या वेळी वेचणारे झाडावर झोपलेले. सकाळी पाखरे येईपर्यंत अळी पुन्हा मातीखाली. डिझेलचे पैसे तेवढेच गेले, खोल नांगरटही झाली, पण नांगरटीतला फुकटचा अर्धा फायदा रात्रीने खाल्ला. मी स्वतः हे दोन वर्षे केले आणि तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टरवाल्याला म्हणालो, "दोन दिवस उशिरा ये, पण उन्हाचा ये." त्या दिवशी रानात जे बगळे उतरले ते पाहून माझा नातू मोजायला लागला आणि थकून गेला.

जगाने काय पाहिले?

हे काही मी नवीन सांगत नाही. उसाच्या मुलुखांनी हा धडा पूर्वीच गिरवला आहे. मॉरिशस हे साखरेचे बेट. तिथे आपल्या मराठी माणसांचीही वस्ती आहे. त्या बेटावर टोळांनी पीक खाल्ले तेव्हा १७६२ साली हिंदुस्थानातून कोणता पाहुणा नेला असेल? आपली बांधावरची साळुंकी! टोळ खायला साळुंक्या जहाजाने नेल्या.

उलटा धडा ऑस्ट्रेलियाचा. क्वीन्सलँडमधल्या उसालाही आपल्या हुमणीसारखीच भुंगेऱ्याची अळी लागते. १९३५ साली तिथल्या लोकांनी हवाई बेटांवरून मोठे विषारी भेक आणून सोडले, की हे भुंगेरे खातील. भुंगेरे राहिले उसाच्या शेंड्यावर आणि भेक राहिले जमिनीवर. हुमणी काही गेली नाही. भेकांची पैदास मात्र इतकी वाढली, की आज तो देश त्या भेकांपायी हैराण आहे, कारण त्यांना खाणारे तिथले प्राणी विषाने मरतात. साळुंकीचेही तसेच. ऑस्ट्रेलियात नेलेली साळुंकी तिथल्या पाखरांची घरे बळकावते.

यातून घ्यायचे ते एवढेच, की जिथली पाखरे तिथेच शोभतात आणि तिथेच कामाची ठरतात. परक्यांना जे जहाजाने आणावे लागले, ते आपल्याकडे आपणहून राहायला आले आहे. आपण फक्त त्याला हाकलू नये, इतकेच मागणे आहे.

विहिरीवरची बाभूळ

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी आपले माप पदरात घ्यावे.

आमच्या जुन्या विहिरीवर एक बाभूळ आडवी वाकलेली होती. तिच्या फांद्या थेट पाण्यावर. दर पावसाळ्यात तिच्यावर सुगरणींची वीस-पंचवीस घरटी लोंबायची. विहिरीवर आणि काट्यात घरटे असले की साप-मांजर सहजी पोचत नाही, हे त्या चिमुकल्या जिवाला कळते. त्या घरट्यांना लागणारा धागा बहुतेक आमच्याच उसाचा. सुगरण पक्षी उसाच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो आणि ती कड धरून उडतो. सरळ लांब धागा सोलून निघतो. एका पात्यातून चार-दोन धागे गेल्याने उसाचे काय बिघडते? काहीच नाही.

बहिणाबाईंच्या काव्याने हे पाखरू घराघरांत पोचवले. नाव बायकी असले तरी घरटे विणतो तो नर. १९३० साली कोकणात किहीम गावी सालिम अलींनी सुगरणींच्या वस्तीसमोर बसून हे सर्व बारकाईने पाहिले आणि जगापुढे मांडले. नर अर्धे घरटे विणून थांबतो. मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तर संसार, नाही तर नराची मेहनत वाया! पसंतीनंतर तो घरटे पुरे करतो आणि दुसरे सुरू करतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सुगरण, चिमणी ही दाणे खाणारी पाखरे आपल्या पिलांना मात्र किडे-अळ्या भरवतात. कोवळ्या पोटाला दाणा पचत नाही. म्हणजे पिलांचे दिवस आणि आपल्या पिकावरल्या अळीचे दिवस एकच.

एका वर्षी ऐन श्रावणात लाकडाचा व्यापारी आला. पैशाची नड होती, शिवाय बाभळीची सावली उसावर पडते असे माझे मत. सौदा झाला. फांद्या कोसळल्या त्या घरट्यांसकट पाण्यात. पिले घरट्यांत होती. नर-माद्या दोन दिवस त्या मोकळ्या आभाळात जिथे झाड होते तिथेच घिरट्या घालत राहिल्या. माझी आई तेव्हा हयात होती. ती मला काही बोलली नाही. तिने त्या विहिरीचे पाणी मात्र त्यानंतर तोंडात घेतले नाही, शेजारच्या मळ्यातून घागर आणायला लावली. बोलली असती तर बरे झाले असते.

बाभूळ तोडली म्हणून पुढे माझ्या खोडव्यात हुमणी आली, असे मी म्हणणार नाही. हुमणीची कारणे अनेक असतात. पण बाभळीचे पैसे चार महिन्यांत संपले आणि सावलीने वाचलेला ऊस काट्यावर कधी दिसला नाही, हे मात्र खरे. काही जण म्हणतात, भुंगेरे बाभळीवर-निंबावर बसतात, तेव्हा झाडच तोडा. हे म्हणजे घरात चोर येतो म्हणून घरच पाडण्यापैकी. भुंगेरा झाडावर एकत्र जमतो, म्हणूनच तर संध्याकाळी फांद्या हलवून तो गोळा करता येतो आणि घासलेटच्या पाण्यात टाकता येतो. झाड नसले तर तो रानभर पसरेल, मग कुठे शोधाल? आणि त्याच तिन्हीसांजेला त्याच झाडाच्या ढोलीतून पिंगळा निघतो. पिंगळ्याचे आवडते खाणे कोणते? भुंगेरे! चोराच्या वाटेवर बसलेला पहारेकरी आपण झाडाबरोबर विकतो.

घुबडाची बदनामी

पिंगळ्याचा थोरला भाऊ म्हणजे घुबड. भारद्वाज दिसला तर आपण शुभ म्हणतो, घुबड बोलले तर दगड मारतो. दोघेही शेतकऱ्याचेच काम करतात, पण एकाचे तोंड बरे आणि दुसऱ्याचे वाईट, एवढ्यावरून न्याय!

पांढऱ्या पानासारख्या तोंडाचे जे घुबड असते, त्याला मराठीत गव्हाणी घुबड म्हणतात. आपल्या कारखान्यात ऊस पडतो ती गव्हाण आणि या घुबडाचे नावही गव्हाणी, तेव्हा नाते जुनेच समजा. त्याचे मुख्य खाणे उंदीर. उसात उंदराने काय होते ते सांगायला नको. बुडखा कुरतडला की कांडी आतून लाल पडते, वारा आला की ऊस आडवा. घुबड उंदीर सबंध गिळते आणि हाडे-केस यांची गोळी करून ओकून टाकते. ज्याचा विश्वास बसत नसेल त्याने एखाद्या जुन्या गढीच्या किंवा देवळाच्या आडोशाला घुबडाची बैठक शोधावी, खालची वाळकी गोळी काडीने फोडावी आणि आत उंदरांच्या किती कवट्या निघतात ते मुलांना मोजायला सांगावे. हिशोब डोळ्यांसमोर मांडलेला असतो.

पूर्वी त्याला राहायला माळवदाची घरे होती, वाड्यांचे कोनाडे होते, वडा-चिंचेच्या ढोल्या होत्या. वाडे पडले, स्लॅबची घरे झाली, ढोलीची झाडे रस्त्यात गेली. घुबड राहणार कुठे? इस्रायल देशात स्दे एलियाहू नावाची एक वस्ती आहे. तिथली शेती सामाईक आहे, म्हणजे एका परीने आपल्या सहकाराचीच चुलत बहीण. तिथे १९८३ पासून शेतात घुबडांसाठी लाकडी पेट्या लावायला सुरुवात झाली, उंदरांचे विष कमी करण्यासाठी. पुढे पेट्या देशभर गेल्या. मग लक्षात आले की घुबड रात्री हद्द ओलांडून शेजारच्या जॉर्डनमध्येही शिकार करते. ज्या दोन देशांत लढाया झाल्या, तिथले शेतकरी घुबडासाठी एकत्र बसले. आपल्याकडे तर बांधाच्या एका फुटावरून भावा-भावांत कोर्ट चालते. घुबडाला बांध कळत नाही, ते दोघांचेही उंदीर खाते.

एक सावधगिरी मात्र हवी. रक्त पातळ करून मारणाऱ्या उंदरांच्या वड्या बाजारात मिळतात. ती वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो आणि नेमका तोच घुबडाच्या तावडीत सापडतो. मग उंदराबरोबर घुबडही जाते. एका हाताने पेटी लावायची आणि दुसऱ्या हाताने वडी टाकायची, हे चालणार नाही. विषाची आणखी एक गोष्ट. हुमणीसाठी आपण वर्षानुवर्षे फोरेटचे दाणे मातीत टाकले. ते पाखरांना जबर विषारी. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर देशभर बंदी आहे. कोणाच्या कोठीत जुना डबा उरला असेल तर तो "वाया कशाला घालवायचा" म्हणून रानात टाकू नका. हुमणीवर मेटारायझियम बुरशीचा उपाय आहे. त्याची माहिती तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात मिळू शकते.

फडाला काडी

आता दुखऱ्या जागी बोट ठेवतो. संचालक मंडळाने आणि सभासदांनी, दोघांनीही रागावू नये.

उसाचा फड हे रात्रीचे मोठे धर्मशाळेचे ठिकाण आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले धोबी पक्षी, पाकोळ्या, मनोल्या शेकड्यांनी संध्याकाळी उसात उतरतात आणि पात्यांवर रात्र काढतात. भारद्वाज, वटवट्या यांचे तर घरच तिथे. फड पेटवला जातो तो बहुधा वारा पडल्यावर, म्हणजे संध्याकाळीच. आत कोण कोण मुक्कामाला आहे हे कोणी पाहत नाही.

पण शेतकरी उभ्या उसाला काडी का लावतो? हौसेने नाही. जळीत उसाला कपात आहे, वजन घटते, हे त्याला कळते. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस उदंड झाला, मे महिना उलटला तरी फड उभे होते. त्या वर्षी ज्यांनी तोडीची वाट पाहिली, त्यांना विचारा रात्र कशी जाते. तोड लवकर यावी म्हणून कोणी जाळतो, टोळीने पाचट सोलायला जादा पैसे मागितले म्हणून कोणी जाळतो. तेव्हा नुसते "जाळू नका" म्हणून भागणार नाही. तोडीचा कार्यक्रम नोंदीच्या तारखेप्रमाणे चालला आणि तो गट कार्यालयाच्या फळ्यावर सर्वांना दिसला, तर अर्ध्या आगी आपोआप विझतील. हे काम कारखान्याचे आहे. पाखरांसाठी म्हणून नको, सभासदासाठी करा. पाखरांचे भले त्यात आपोआप होईल.

तोडणीनंतर पाचट जाळणे हे मात्र सर्वस्वी आपले पाप आहे. तिथे कोणाकडे बोट दाखवता येत नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत ठेवले, कुट्टी केली, तर खोडव्याला खत होते, ओल टिकते, तण दबते. आणि त्या पाचटाखाली किडे-गांडुळे वाढतात, ती वेचायला साळुंक्या-तितर येतात. काहींना वाटते जाळल्याने हुमणी मरते. हुमणी राहते मातीत खोल, जाळ लागतो वरवर. मरतात ते उपयोगी किडे आणि जमिनीवर बसलेली लाव्यांची अंडी.

पाखरे खातात त्याचे काय?

आता कोणी सभासद उठून म्हणेल, "तुमची पाखरं अळ्या खात्यात ते खरं, पर माझी ज्वारी कोण खातं?" प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देणार नाही. पोपट मका फोडतात, मोर भुईमूग उकरतात, आणि हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचा थवा ज्वारीवर पडला की कणसे रिकामी होतात. हे नुकसान खोटे म्हणणारा शेतकरी नसावा.

पण भोरडीचीच दुसरी बाजू ऐका. ही आपल्याकडे हिवाळी पाहुणी. तिचे बाळंतपण मध्य आशियात होते आणि तिथे ती टोळ खाऊन पिले वाढवते. चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळांना आवर घालण्यासाठी तिच्याकरिता मुद्दाम दगड-विटांची घरे बांधून ठेवतात. जी आपल्याला चोर वाटते, तिला तिकडे जावयासारखी वागवतात. आपल्या पूर्वजांनी यावर मध्यम मार्ग काढला होता. मचाण होते, राखण होती, गोफण होती. गोफण पाखरू उडवायला होती, मारायला नव्हे. खळ्यावर रास झाली की पसाभर दाणे पाखरांचे म्हणून बाजूला पडत. राखणीला आज माणूस मिळत नाही हे खरे, पण चकाकणाऱ्या फिती आहेत, आवाजाची साधने आहेत. पिकाला विष लावून पाखरे मारणे आणि तितर-लाव्यांना जाळी लावणे हा मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हाच. मोर तर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी.

गेलेला एक सभासद

पाखरू जायला किती वेळ लागतो, हे गिधाडाने दाखवून दिले आहे. माझ्या लहानपणी मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की तासाभरात आभाळ भरायचे आणि संध्याकाळी नुसती हाडे उरायची. आज आपल्या नातवंडांनी गिधाड चित्रातच पाहिले आहे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णवहून अधिक नाहीशी झाली. कोणी बंदूक घेतली नव्हती. जनावराच्या दुखण्यावर द्यायची डायक्लोफिनॅकची सुई, एवढेच कारण. ती टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद केले, २०२३ साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकही बंद केले. मेलॉक्सिकॅम हे चालणारे औषध गिधाडांना सुरक्षित ठरले आहे.

हे आपल्या पत्रिकेत कशाला? कारण हंगामात टोळ्यांच्या गाड्यांचे बैल लंगडतात, खांदे सुजतात, आणि माणसांच्या दुकानातून सुई आणून टोचण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. आपल्या यार्डात एक फलक लागला आणि बैलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य तीच सुई मिळाली, तर बैलाचेही भले आणि जी थोडी गिधाडे महाराष्ट्रात रायगड-नाशिक-गडचिरोलीकडे उरली आहेत, त्यांच्या परतीची वाट तरी मोकळी राहील.

करायचे काय?

मोठे भाषण नको, खर्चाची योजनाही नको. माझ्या अल्पमतीला सुचते ते असे.

पहिले, नांगरट दिवसा करावी. दुसरे, विहिरीवरचे आणि बांधावरचे झाड तोडू नये. तोडणे भागच पडले तर जून ते सप्टेंबर या घरट्यांच्या दिवसांत तरी कुऱ्हाड लावू नये. नवे लावायचे तर वड, उंबर, पिंपळ लावावा. आपला राज्यपक्षी हरियाल याच झाडांच्या फळांवर जगतो. तिसरे, पाचट जाळू नये. चौथे, हरभरा-सोयाबीनच्या रानात कोतवालाला बसायला पक्षीथांबे रोवावेत. जुनी माणसे पिकात ज्वारीची चार ताटे उगाच ठेवत नसत. पाचवे, प्रत्येक गटात दोन-चार घुबडांच्या पेट्या उंचावर बांधाव्यात. कारखान्याच्या भंगारातल्या फळ्या त्याला पुरे आहेत आणि सुतारही आपलाच आहे.

आणि कारखान्याला एकच विनंती. ऊस नोंदीच्या कागदावर आणखी एक रकाना वाढवावा. पाचट राखले की जाळले, बांधावर झाडे किती, एवढीच नोंद शेतकी विभागाच्या कर्मचाऱ्याने घ्यावी. दरवर्षी हेक्टरी जास्त उत्पादन काढणाऱ्याचा आपण सभेत नारळ-फेटा देऊन सत्कार करतो. त्याच व्यासपीठावर ज्याने शिवार राखले त्याचाही सत्कार व्हावा. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन द्यायला कोणी उभे राहील, अशी आशा आहे.

माझ्या विहिरीवर मी पुन्हा बाभूळ लावली आहे. ती आता माणसाच्या दीडपट उंच झाली आहे, पण अजून पाण्यावर वाकलेली नाही. गेल्या पावसाळ्यात एका नराने तिच्यावर अर्धे घरटे विणले. मादी आली, पाहून गेली, पसंत पडले नाही. नरही निघून गेला. मी ते अर्धे घरटे तसेच ठेवले आहे. झाड आणखी वाढेल, फांदी वाकेल, पुन्हा कोणी येईल. तोडायला एक सकाळ लागली होती, परत यायला किती वर्षे लागतील ते त्या पाखराच्या मर्जीवर आहे. तुमच्या विहिरीवर अजून उभी असेल, तर ती सांभाळा, एवढेच हात जोडून सांगणे.

जय सहकार!

आपला,
एक जुना ऊस उत्पादक सभासद